लांबचं टोक

जुलै. ऐन हिवाळा.
चिलोए बेटाच्या पश्चिम अंगाला
रस्ता जिथे कंटाळून थांबतो, तिथे आमचं घर,
आणि घरापुढे थेट न्यूझीलंडपर्यंत नुसतं पाणी.

पाऊस पट्ट्यापट्ट्यांनी येतो.
हप्ता मागायला आल्यासारखा दार वाजवतो, जातो,
कोपऱ्यावरून पुन्हा वळतो.
दोन पट्ट्यांच्या मधे ऊन: कधी वीस मिनिटं,
कधी मातेचा पेला एकदा भरून फिरेपर्यंत.
त्या फटीत इंद्रधनुष्यही येऊन जातं,
पण मान वर करायला सवड कुणाला?
कुणी धुणं घालतं, कुणी लाकडं फोडतं,
बेलार्मिनो आपली डुकरं मोकळी सोडतो आणि लगेच हाका मारत सुटतो.

मी शिडी लावतो.

उत्तरेकडच्या उतारावर बेचाळीस फळ्या कुजल्यात.
आलेर्सेच्या होत्या, सासऱ्यांनी बसवलेल्या.
ते झाड तोडायला आता बंदी आहे.
मी सायप्रसच्या आणल्या, म्हणून
सासूबाई रोज एकदा तरी नाक मुरडतात.

सासूबाई म्हणजे दोन्या ओतिलिया.
चुलीशेजारची खिडकी, मांडीवर लोकर,
आणि काम एकच: समुद्र राखणं.
वायव्येला जमिनीची तीन टोकं दिसतात.
पाऊस ती एकेक करून पुसत येतो.
"गेलं लांबचं!" त्या ओरडतात.
मग, "मधलं गेलं, खिळे आवर!"
मग नुसतंच, "एलिएसेर!"
आणि मी शेवटच्या पायरीवर असतो
तेव्हा पहिला थेंब हातोडीवर पडतो.
पाच दिवस. एकदाही चूक नाही.
रेडिओवरचा माणूस म्हणतो, हवामान बदलतं, अधूनमधून सरी.
मे महिन्यापासून तो तेच म्हणतोय.

गुरुवारी वर होतो.
तिन्ही टोकं धुऊन ठेवल्यासारखी लख्ख.
लांबच्या टोकावरचं कुंपणसुद्धा दिसत होतं.
खालून आवाज: "मधलं गेलं!"
मी हसलो. म्हटलं, दोन्या ओतिलिया, डोळे पुसा,
सगळं जागच्या जागी आहे.
"उतर."
एवढी एक फळी ठोकतो, म्हटलं.

पाऊस त्या दिवशी डोंगरामागून आला. पाठीवर.
आधी गारा, मग वारा, मग शिडी गेली.
मी छपराच्या कण्याला हनुवटी लावून लटकलेला,
तोंडात चार खिळे, त्यामुळे देवाचं नावही घेता येईना.

तेवढ्यात दार उघडलं.
त्या बाहेर आल्या. एक हात भिंतीवर,
आणि अंधारात पलंगाखालची चप्पल शोधावी
तशा पायाने शिडी शोधू लागल्या.
शिडी समोरच पडली होती.
पांढऱ्या गारांत, पिवळी.

चुलीपाशी माझे मोजे वाफ सोडत होते.
कितीतरी वेळाने मी विचारलं, टोकं?
"टोकं दोन वर्षांपूर्वीच गेली," त्या म्हणाल्या.
"धुराड्यात धूर अडखळतो. लोकर बोटांना चिकटते.
मग मीच एकेक पुसत आणते.
नाहीतर तू उतरतोस होय?"
त्यांनी एक उकडलेला बटाटा चाचपून माझ्याकडे सरकवला.
"मार्गोतला बोलू नकोस. कास्त्रोला नेईल, डॉक्टरकडे,
बसमध्ये मला उलट्या होतात."

मार्गोत साल्मनच्या कारखान्यातून सातला आली,
बादली रिकामी केली, गळतीखाली परत ठेवली,
विचारलं, हनुवटीला काय झालं?
फळी लागली, म्हटलं.
"सायप्रसची," खिडकीतून आवाज आला.

आज शनिवार. नऊ उरल्यात.
ऊन इतकं की समुद्राकडे बघवत नाही,
तरी बघतो: तिन्ही टोकं आहेत,
कुंपण आहे, कुंपणाजवळ एक गाय आहे.

"गेलं लांबचं!"

मी खिळे खिशात टाकतो.